वॉरंटी कार्डाची, काळाची नव्हे

कोलकात्यातील एका संशोधन संस्थेत, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, एका ग्राफिक्स कार्डाने मान टाकली. २०२१ च्या टंचाईत ते जाहीर किमतीच्या जवळजवळ दुप्पट भावाने घेतलेले होते. त्याची वॉरंटी तीन वर्षांची होती आणि ती आदल्याच वर्षी संपली होती. त्या कार्डावर एका पेशीपटलात रुतलेल्या प्रथिनाची रेण्वीय गतिकी चालू होती: सुमारे दोन लाख अणू, आठ स्वतंत्र धावा, आणि प्रत्येक धाव कित्येक आठवड्यांची. पीएचडीच्या विद्यार्थ्याचा प्रबंध या आठ धावांवर उभा राहायचा होता. त्याच्या अधिछात्रवृत्तीचे अकरा महिने उरले होते.

त्याची मार्गदर्शिका तरुण होती. स्वतःच्या गटाची उभारणी करून तिला फार दिवस झाले नव्हते. तिच्यापुढे प्रश्न साधा दिसत होता: नवे कार्ड आता घ्यावे की थांबावे? बाजारात आरटीएक्स ५० मालिका जानेवारी २०२५ पासून आली होती. परंतु अधिक मेमरीची सुधारित आवृत्ती लवकरच येणार, अशी चर्चा सर्वत्र होती. संस्थेतील प्रत्येक जाणकाराचा सल्ला एकच होता, ‘जरा थांबा.’ हा सल्ला चुकीचा आहे असे म्हणणे अवघड असते. कारण संगणकाच्या बाजारात तो कोणत्याही दिवशी दिला तरी खराच वाटतो.

थांबण्याच्या या प्रश्नाला भौतिकशास्त्रज्ञांनी एकदा गंमतीगंमतीत, पण पूर्ण गांभीर्याने उत्तर दिले आहे. १९९९ मध्ये ॲरिझोना विद्यापीठाच्या स्ट्युअर्ड वेधशाळेतील ख्रिस गॉटब्राथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूरचा नियम आणि आळस यांचा मोठ्या गणनांवर होणारा परिणाम या विषयावर एक छोटा लेख लिहिला. युक्तिवाद असा: तेवढ्याच पैशांत मिळणारी गणनशक्ती दर अठरा महिन्यांनी दुप्पट होत असेल, तर फार लांब चालणारी गणना आज सुरू करण्यापेक्षा काही काळ स्वस्थ बसून नंतरच्या वेगवान यंत्रावर सुरू करणे हिताचे ठरते. वाट पाहण्याचा काळ आणि त्यानंतर गणनेला लागणारा काळ यांची बेरीज कमीत कमी कधी होते, एवढेच काढायचे. विकलन करून पाहिले की उंबरठा सापडतो: दुप्पट होण्याचा काळ भागिले ०.६९३. अठरा महिन्यांसाठी हा उंबरठा २६ महिन्यांचा येतो. आजच्या यंत्रावर २६ महिन्यांपेक्षा कमी वेळ लागणारी गणना असेल, तर थांबण्यात कोणताही लाभ नाही. बारावीच्या विद्यार्थ्यानेही हे गणित करून पाहावे. दोन ओळींचे आहे.

तिने हेच सूत्र ग्राफिक्स कार्डांना लावले. आरटीएक्स ३० मालिका सप्टेंबर २०२० मध्ये आली, ४० मालिका ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि ५० मालिका जानेवारी २०२५ मध्ये. म्हणजे दोन पिढ्यांमध्ये साधारण २६ महिने. आता तेवढ्याच पैशांत प्रत्येक पिढी दीडपट काम देते, असे उदारपणे धरू. मग दुप्पट व्हायला सुमारे ४४ महिने लागतात आणि उंबरठा ६४ महिन्यांवर जातो. पाच वर्षांची अधिछात्रवृत्ती ६० महिन्यांची असते. या गृहीतकानुसार, ज्या गणनेसाठी थांबणे शहाणपणाचे ठरेल, ती एका पीएचडीत मुळी मावतच नाही.

प्रत्यक्ष आकडे तर त्याहून बोलके होते. नव्या आरटीएक्स ५०८० वर उरलेले काम सात महिन्यांत होईल, असा तिचा अंदाज होता. सहा महिने थांबून नवे कार्ड घेतले, तर तेवढ्याच सात महिन्यांत काम संपण्यासाठी ते कार्ड सातपट वेगवान असावे लागले असते. तसे कार्ड येणार असल्याची अफवासुद्धा कोणी पसरवलेली नव्हती.

शिवाय ज्या वाढीव मेमरीसाठी थांबायचे, ती लागणार होती का? दोन लाख अणूंची प्रणाली सोळा जीबीत आरामात मावत होती. रेण्वीय गतिकीची बहुतेक आकडेमोड एकेरी किंवा मिश्र अचूकतेत होते, म्हणून खेळांसाठी बनवलेली कार्डे तिला पुरतात. शेजारच्या खोलीतील सहकाऱ्याचे काम इलेक्ट्रॉनिक संरचनेचे होते. त्याला दुहेरी अचूकता हवी होती, आणि या कार्डांवर दुहेरी अचूकतेचा वेग एकेरीच्या चौसष्टाव्या भागाइतकाच उरतो. त्याच्यासाठी हेच कार्ड म्हणजे पैशांचा अपव्यय ठरला असता. ‘कोणते कार्ड चांगले’ या प्रश्नाला ‘कशासाठी’ हे विचारल्याशिवाय उत्तर नाही.

विकत न घेता काम भागवण्याचे मार्गही तिने तपासले. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनअंतर्गत ‘परम रुद्र’ यंत्रे सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे कार्यान्वित झाली. परंतु सामाईक यंत्र म्हटले की रांग आली आणि प्रत्येक कामाला वेळेची मर्यादाही आली. इंडियाएआय मिशनमधून सवलतीच्या दरात, तासाला सुमारे ६५ रुपयांनी, जीपीयू मिळतात. सात महिने अहोरात्र म्हणजे ५,०४० तास. हिशेब ३,२७,६०० रुपयांचा झाला. त्या केंद्रांतील चिप अर्थातच वरच्या दर्जाच्या असतात, पण दोन लाख अणूंचे काम त्यांची सारी ताकद वापरू शकत नाही. एखादे अवाढव्य भाषा-प्रारूप काही दिवसांत शिकवून घ्यायचे असते, तर उत्तर वेगळे आले असते. मध्यम आकाराचे काम महिनोन्‌महिने चालवायचे असेल, तर कार्ड आपल्या खोलीत असलेले बरे.

आता घ्यायचे, एवढे ठरले. कोणते आणि कोणाकडून, हे उरले. चांदनी चौकातील दुकानांतून तिने भाव मागवले, आणि येथेच वॉरंटीचा प्रश्न पुढे आला. मागच्या अनुभवाने ती सावध झाली होती. या वेळी तिने किमतीच्या रकान्याआधी अटींचा रकाना भरला.

पहिला पर्याय तीन वर्षांच्या वॉरंटीचा होता. दुसऱ्यात तीन वर्षे अधिक दोन, मात्र खरेदीनंतर ठराविक दिवसांत नोंदणी केली तरच; आणि किंमत पाच हजारांनी जास्त. तिसरा पर्याय परदेशातून येणाऱ्या ओळखीच्या माणसाकरवी कार्ड मागवण्याचा होता. ते स्वस्त पडत होते; परंतु त्या कंपनीची वॉरंटी ज्या देशात विक्री, त्याच देशापुरती होती. चौथा पर्याय वापरलेल्या कार्डाचा. ‘दीदी, अजून वर्षभराची वॉरंटी शिल्लक आहे,’ दुकानदार म्हणाला. तिने अनुक्रमांक तपासायला सांगितले, तेव्हा कळले की त्या कंपनीची मुदत बिलाच्या तारखेपासून नव्हे, तर कारखान्यातून माल निघाल्यापासून मोजली जाते. शिल्लक होते चार महिने.

जादा दोन वर्षांचे मोल किती? हा अपेक्षित मूल्याचा साधा प्रश्न आहे. चौथ्या-पाचव्या वर्षी त्या कार्डाची किंमत चाळीस हजारांवर आलेली असेल असे धरले, तर पाच हजारांचा जादा खर्च वसूल होण्यासाठी त्या दोन वर्षांत कार्ड बिघडण्याची संभाव्यता साडेबारा टक्के असायला हवी. दिवसरात्र राबणाऱ्या कार्डासाठी हा आकडा अशक्य नव्हता. पण अटी वाचता वाचता दुसरी गोष्ट दिसली. वाढीव मुदत व्यक्तिगत ग्राहकाला होती. संस्थेच्या नावाच्या बिलावर ती मिळेल की नाही, याचा उल्लेखच नव्हता. तिने ई-मेल करून लेखी विचारले. उत्तर नकारार्थी आले. पाच हजार वाचले.

इतर अटींनाही असेच अर्थ होते. विजेच्या चढउतारामुळे झालेला बिघाड वगळलेला, म्हणजे चांगल्या यूपीएसचा खर्च हा कार्डाच्याच किमतीचा भाग. गंज वगळलेला, आणि कोलकात्याच्या पावसाळ्यात धातूच्या टोकांवर गंज चढायला कोणाची परवानगी लागत नाही. तिने प्रयोगशाळेत आर्द्रतामापक लावला. बदलून मिळणारे कार्ड दुरुस्त केलेले जुनेही असू शकेल, आणि त्याला नवी तीन वर्षे नव्हे, तर पहिल्याचीच उरलेली मुदत लागू राहील, असेही बारीक अक्षरांत होते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही कंपनीच्या अटींत सापडेना: दुरुस्तीला किती दिवस लागतील? ‘योग्य त्या कालावधीत’ यापलीकडे लेखी हमी नव्हती. दुकानदारांनी तोंडी सांगितलेले आकडे दहा दिवसांपासून दोन महिन्यांपर्यंत होते. हे कळल्यावर साऱ्या तक्त्याचा अर्थ बदलला. वरिष्ठ अधिछात्राला महिन्याला ४२,००० रुपये मिळतात. कार्ड दोन महिने दुरुस्तीत राहिले, तर त्या काळातील अधिछात्रवृत्तीच अर्ध्याहून अधिक कार्डाच्या किमतीएवढी होते. आणि ते महिने विद्यार्थ्याला कोणीही बदलून देत नाही. कंपनी कार्डाची हमी देते. काळाची हमी संशोधकाला स्वतःच उभारावी लागते.

तिने ती अशी उभारली. आरटीएक्स ५०८० ची भारतातील जाहीर किंमत १,०७,००० रुपयांपासून होती, ५०७० टीआयची ८०,००० रुपयांपासून. दोन्हींत मेमरी सोळा जीबी. गणक गाभे पहिल्यात १०,७५२ आणि दुसऱ्यात ८,९६०, म्हणजे सुमारे ८३ टक्के. एका धावेला थोडा अधिक वेळ लागणार. पण धावा आठ होत्या आणि परस्परांपासून स्वतंत्र होत्या. दोन लहान कार्डे घेतली, तर किंमत दीडपट आणि काम जवळजवळ १.६७ पट. सात महिन्यांचे काम चार महिन्यांवर थोड्या दिवसांत संपत होते. महत्त्वाचे म्हणजे, एक कार्ड गेले तरी निम्मा वेग शिल्लक राहत होता.

यात एक खाच आहे, ती विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. दोन्ही कार्डे एकाच वेळी बिघडण्याची संभाव्यता म्हणजे दोन संभाव्यतांचा गुणाकार, हे दोन्ही घटना स्वतंत्र असतील तेव्हाच खरे. एकाच पेटीत, एकाच वीजपुरवठ्यावर बसवलेली कार्डे स्वतंत्र नसतात. विजेचा एक झटका दोघांनाही पुरतो. म्हणून तिने ती दोन वेगळ्या यंत्रांत, दोन वेगळ्या यूपीएसवर बसवली. शिवाय दर काही मिनिटांनी गणनेची स्थिती जतन व्हावी अशी व्यवस्था केली आणि त्या प्रती तिसऱ्याच यंत्रावर ठेवल्या.

खरेदीला नव्या नियमाचीही साथ मिळाली. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने वैज्ञानिक संशोधनासाठी थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर नेली. दोन कार्डांचे मिळून बिल त्या मर्यादेत बसले. जुन्या मर्यादेत तेच काम खरेदी समितीकडे गेले असते. आणि मर्यादा चुकवण्यासाठी एका खरेदीचे दोन तुकडे करणे नियमात बसत नाही. विज्ञानविषयक बातम्यांत अशी परिपत्रके सहसा मागच्या पानावर जातात. प्रयोगशाळेत त्यांचे मोल आठवड्यांत मोजले जाते. दुर्गापूजेची सुट्टी लागण्याआधी, सप्टेंबरच्या मध्यावर, दोन्ही यंत्रे सुरू झाली.

डिसेंबरात एका कार्डाने चित्र देणे बंद केले. विद्यार्थ्याचा संदेश रात्री आला: ‘मॅडम, दुसऱ्या मशीनचे कार्ड गेले. धाव शेवटच्या जतन केलेल्या जागेवरून पहिल्या मशीनच्या रांगेत लावली आहे.’ संदेशात घबराट नव्हती, एवढेच तिने पाहिले. सर्व्हिस सेंटरवरच्या माणसाने भिंगातून जोडणीची टोके तपासली, गंज आढळला नाही, आणि कार्ड स्वीकारले गेले. ते परत यायला पाच आठवडे लागले. आठवी धाव फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात संपली. एकच मोठे कार्ड घेतले असते आणि तेच पाच आठवडे बाहेर राहिले असते, तर काम मे महिन्याच्या उत्तरार्धात गेले असते, आणि प्रबंध लिहायला दीड-दोन महिने उरले असते.

ज्या सुधारित आवृत्तीसाठी थांबण्याचा सल्ला मिळाला होता, ती २०२५ संपले तरी बाजारात आली नव्हती. उलट वर्षाच्या अखेरीस मेमरी चिपच्या किमती झपाट्याने चढल्या. तिचा निर्णय मात्र यामुळे बरोबर ठरला असे नव्हे. ती आवृत्ती ऑक्टोबरमध्ये आली असती आणि भाव उतरले असते, तरी तो बरोबरच राहिला असता. कारण तो बाजाराच्या भाकितावर उभा नव्हता. तो एका विद्यार्थ्याच्या उरलेल्या अकरा महिन्यांवर उभा होता, आणि ते अकरा हा त्या तक्त्यातील एकमेव आकडा होता ज्यात बदल होणे शक्य नव्हते.

प्रबंधाची पहिली दोन प्रकरणे आता तिच्या टेबलावर आहेत. प्रयोगशाळेच्या दारामागे एक कागद चिकटवलेला आहे: दोन्ही कार्डांचे अनुक्रमांक, बिलाची तारीख, वॉरंटी संपण्याची तारीख. त्याखाली विद्यार्थ्याने स्वतःच्या अक्षरात तिसरी नोंद केली आहे. ती त्याच्या अधिछात्रवृत्तीच्या अखेरच्या दिवसाची आहे.