टोळ्या निघायच्या आत

परभणी,
दसऱ्याचा दुसरा दिवस

चि. मीना,


पालम तालुक्यात रुजू झालीस, फार बरं वाटलं. पण फोनवर म्हणालीस, "आत्या, क्षयाचे दोन पेशंट ऐकतच नाहीत," ते रात्रभर डोक्यातून जाईना. कारण हेच मीही एकदा लिहिलंय.

वीसेक वर्षं झाली. गंगाखेडकडच्या एका क्षयरुग्णाच्या उपचारकार्डावर मी लिहिलं, 'रुग्ण सहकार्य करत नाही.' दोन महिने गोळ्या घेतल्या, खोकला थांबला, अंग भरलं, आणि दिवाळीनंतर घराला कुलूप. त्यानं ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतली होती. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. एकानं मागं राहायची सोयच नाही. तेव्हा गोळ्या आठवड्यातून तीनदा, आमच्या देखरेखीखाली घ्यायच्या. उसाच्या फडात त्याला त्या कोण देणार होतं? गुढीपाडव्याला परतला तेव्हा बेडक्यात रक्त होतं. "दिवाळीनंतर कुठं असाल?" एवढं मी कधी विचारलंच नव्हतं.

घरी राहून घेतलेला उपचार आरोग्यधामाइतकाच गुण देतो, हे मद्रासच्या अभ्यासानं १९५९ मध्येच दाखवलं. पण घरच निम्मं वर्ष फडावर असेल तर?

आता तुझ्या हाती पुष्कळ आहे. २०१७ पासून वजनाप्रमाणे रोजची एकत्रित गोळी आहे. रुग्ण सांगलीला जावो की कोल्हापूरला, निक्षय पोर्टलवरची त्याची नोंद तिकडच्या केंद्राकडे वळवता येते. म्हणून टोळ्या निघायच्या आत घरी जा. मुकादम कोण, कारखाना कुठला, कुणाचा फोन लागतो, वहीत लिही. तिकडच्या केंद्राशी आधी स्वतः बोल, मग नोंद वळव. वाटेत खंड पडणार नाही एवढ्या गोळ्या बायकोसमोर मोजून दे.

"बरं वाटतंय, आता कशाला?" असं दोघांपैकी कुणी म्हणाला तर त्याला शेतातल्या कुंद्याची आठवण करून दे. वरवर कापलेला कुंदा पुन्हा फुटतो, हे त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. पहिल्या दोन महिन्यांत चार औषधं बहुतेक जंतू मारतात. उरलेल्या चिवटांसाठी पुढचे चार महिने तीन औषधं.

लघवी केशरी होईल, हे पहिल्याच दिवशी सांग. रक्त समजून गोळ्या फेकणारे मी पाहिलेत. डोळे पिवळे झाले किंवा उलटी थांबेना तर गोळी थांबवून लगेच जवळच्या दवाखान्यात जायचं, हेही सांग. पीत असेल तर दारूवरून रागावू नकोस; रागावलीस की तो चुकलेल्या गोळ्या लपवायला लागेल. आणि पोषणाचे महिन्याचे १००० रुपये खात्यात येतात का, पासबुक बघ. अडकले असतील तर तू धावपळ कर, त्याची मजुरी बुडवू नकोस.

त्या दोघांकडे उद्याच जा. गोळ्यांचं नंतर काढ, आधी त्यांना बोलू दे. आणि शनिवारी मला फोन कर, दोघांपैकी कुणी उचल घेतलीय ते सांग.

तुझी,
आत्या