उतारावरची काटकसर



काटकसर आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही, ती घरातच असते. पण एका काटकसरीने मला चांगलंच घाबरवलं, म्हणून आज लिहिते आहे.

माझ्या सासऱ्यांकडे जुनी फियाट होती. १९७३ नंतर पेट्रोल महागलं, तेव्हापासून उतार लागला की ते इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडायचे. आमचे हे त्यांच्याच हाताखाली शिकले, त्यामुळे सवय तीच. खरं सांगायचं तर मलाही त्याचं कौतुक होतं. मी बी.कॉम. झालेली, खर्चाच्या वहीत पेट्रोलचा आकडा कमी दिसला की बरं वाटायचं.

गेल्या दिवाळीनंतर कोल्हापूरहून रत्नागिरीला लेकीकडे निघालो. मागच्या सीटवर नात. सूर्य मावळायच्या आत जेवण व्हावं म्हणून थोडी घाई होती. आंबा घाट उतरू लागलो आणि यांनी इंजिन बंद केलं. दोन वळणं नीट गेली. तिसऱ्या वळणावर खालून बस आली. यांनी ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला, आणि पेडल दगडासारखं घट्ट झालं. स्टिअरिंगही वळेना. "अहो, हँडब्रेक ओढा!" मी ओरडले. गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. "आजी, काय झालं?" नात विचारत होती. माझ्या तोंडून णमोकाराशिवाय शब्द फुटेना.

साखरप्याला एका मेकॅनिकने गाडी तपासली. बिघाड काहीच नव्हता. तो म्हणाला, "काकू, ब्रेकला जोर इंजिनकडून मिळतो. इंजिन बंद झालं की दोन-तीनदा दाबेपर्यंतच तो पुरतो. पॉवर स्टिअरिंगचंही तसंच. किल्ली जास्त फिरली असती तर स्टिअरिंग लॉकच झालं असतं."

पुढचं ऐकून तर मी गप्पच झाले. आताच्या गाड्या गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की उतारावर पेट्रोल आपोआप बंद होतं. सासऱ्यांच्या कार्बोरेटरच्या गाडीत ही सोय नव्हती. शिवाय गिअरमुळे गाडी आवरली जाते, ब्रेक तापत नाहीत.

घरी येऊन मी हिशोब मांडला. न्यूट्रलमध्ये चालू इंजिन तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल खातं. घाटाची २० मिनिटं धरली तर पाव लिटर, म्हणजे २५-२६ रुपये. गिअरमध्ये उतरलो तर तेही वाचतात. म्हणजे इंजिन बंद करून आमची जास्तीची बचत शून्य, आणि तीन जीव टांगणीला!

तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद आहे. आपण पाणी गाळून पितो, चालताना मुंगी जपतो, आणि घाटात वळणापलीकडच्या माणसाचा विचारही केला नव्हता. मीही त्यात भागीदार, कारण वहीतल्या आकड्यावर मीच खूश होत होते.

आता चढाला जो गिअर लागेल, त्याच गिअरमध्ये आम्ही उतरतो. इंजिन बंद करायचं ते रेल्वे फाटकापाशी, गाडी पूर्ण थांबल्यावर. टायरमधली हवा वेळेवर तपासतो. पेट्रोल तिथे खरं वाचतं.

यांचा हात अजून कधीकधी किल्लीकडे जातो. मी नुसतं "अहो" म्हणते. तुमच्याकडेही अशी जुनी सवय असेल, तर रागावू नका, हिशोब दाखवा. पुरुषमाणसं हिशोबाला ऐकतात!

जय जिनेंद्र.