राग नाही, कंटाळा आला

आमच्या झाडीपट्टीत नाटक बघायला जायचं म्हणजे दोन तासांचं काम नसतं. पुण्या-मुंबईच्या वाचकांना हे आधी सांगायला हवं. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या भागात दिवाळी झाली की मंडई सुरू होतात. पुढे शंकरपट लागतात. आणि मंडई असो की पट, रात्री गावात नाटक ठरलेलंच. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. धान घरात आलेलं असतं, लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात. शेतात जमीन खोल खोदून बसायची जागा करतात, भोवताली कापडाचा आडोसा, समोर रंगमंच. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि लोक उजाडता उजाडता घरी जातात.

या नाटकांचा बाजार वडसा देसाईगंजला. कंपन्यांची कार्यालयं तिथं. गावातलं मंडळ तिथं जाऊन नाटक ठरवतं, ठरलेली रक्कम देतं आणि तिकिटं विकून ती काढतं. कुठलंही अनुदान नसताना, सिनेमा आणि मोबाईल येऊनही ही रंगभूमी टिकली. 2023 साली विनोदी भूमिकांसाठी गावोगाव ओळखले जाणारे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडच्या माणसाला स्वतःचाच सत्कार झाल्यासारखं वाटलं होतं. मलाही.

म्हणून गेल्या जानेवारीत अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका मित्राने फोन केला, "भाऊ, पट आहे, रातच्याला नाटक आहे, हसून हसून पोट दुखंल असा आहे, येऊन जा," तेव्हा मी लगेच हो म्हटलं. गावाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. हा काही एका कंपनीचा दोष नाही.

मित्र मंडळाचा सदस्य. त्याच्याकडे जेवलो, इशाची नमाज पढलो, मफलर गुंडाळून जाऊन बसलो. 100 रुपयांचं तिकीट त्याने मला काढू दिलं नाही. मंडप भरला होता. आयाबाया घोंगड्या-चादरी घेऊन आल्या होत्या, लेकरं मांडीवर झोपली होती.

नाटक कौटुंबिक. दोन भाऊ, थोरल्याच्या डोक्यावर कर्ज, धाकटा शहरात शिकून बिघडलेला, मध्ये एक सावकार. विषय आमच्याच घरातला. थोरल्या भावाचं काम करणारा नट चांगला होता. सातबारा हातात धरून तो नुसता उभा राहिला तेव्हा मंडप गप्प झाला. पण ती शांतता दोन मिनिटंही टिकू दिली नाही. लगेच विनोदी पात्र आत, त्यामागे गाणं, नाच, मग पुन्हा रडणं. विनोदाचा गोष्टीशी संबंध नाही, गोष्टीला विनोदाची गरज नाही. एका मंडपात दोन नाटकं चालू होती आणि दोघांची ओळख नव्हती.

आणि मग 'चाचा' आला.

लुंगी, जाळीची टोपी, डोळ्यांत बोटभर सुरमा, खांद्यावर बांगड्यांची माळ. तोंड उघडलं आणि "हम क्या बोलता है भाभी, तुम हमारा बांगडी लेव ना" असं सुरू झालं. मंडप खदखदून हसला. त्याचं मराठी मोडकं, हिंदीही मोडकं. त्याला कुठलीच भाषा येत नाही, हाच विनोद. पुढे जेवणाचा एक, चार बायकांचा एक. यापेक्षा वेगळं त्याला काही दिलं नव्हतं.

माझा मित्र हसला, आणि हसता हसता त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हसतोय की नाही हे बघायला. त्या एका नजरेने मी प्रेक्षकातून उठून दुसरीकडेच जाऊन बसलो. तोवर मी कर्जाच्या चिंतेत पडलेल्या थोरल्या भावासोबत होतो. माझ्या अब्बांनीही धानाची शेती केली, सोसायटीचं कर्ज फेडलं. ती गोष्ट माझी होती. आता मला सांगितलं जात होतं की तुझा माणूस तो नाही, हा सुरमावाला.

पहाटेच्या सुमाराला चाचाचा सूर बदलला. सावकाराच्या गुंडाचा वार त्याने थोरल्या भावाऐवजी स्वतःवर घेतला, सगळे एक आहेत असं चार वाक्यांत सांगितलं आणि मेला. टाळ्या पडल्या. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं, हे मला दिसत होतं. पण आमच्या माणसाला रंगमंचावर दोनच कामं का? एक तर हसू व्हायचं, नाही तर भल्यासाठी मरायचं. कर्ज काढणं, सोयरीक जुळवणं, भावाशी बांधावरून भांडणं ही साधी कामं त्याला कधी मिळणार?

माझे नाना मणियार होते. नवेगावबांध, केशोरी, महागाव हे बाजार त्यांनी जन्मभर केले. ते घरात अम्मीशी आमच्या बोलीत बोलत आणि बाजारात अस्सल झाडीबोलीत. एखादी बाई हात आखडून बसली की म्हणत, "हात ढिला सोड वं माय, नवऱ्याचा राग माज्या बांगडीवर नोको काढू." बायका हसत, सासवाही हसत. कुणाच्या लेकीचं कुठे ठरलं, कुणाच्या सुनेला दिवस गेले, हे त्यांना तलाठ्याआधी कळायचं. उधारी ते वहीत लिहीत नसत, पण विसरतही नसत. या माणसावर अख्खं तीन अंकी विनोदी नाटक होईल, आणि त्यात हसू येईल ते त्याच्या हुशारीचं.

ही काही जगावेगळी मागणी नाही. पेशवाईच्या काळात ज्यांच्या लावण्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतल्या ते सगनभाऊ मुसलमान होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या आवाजाने मैदानं हलत ते शाहीर अमर शेख, बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. 1990 साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. मराठी आम्हाला येते की नाही हा प्रश्न कधीच निकाली निघाला आहे. फक्त नाटकातल्या चाचाला अजून कुणी कळवलेलं नाही.

कंपन्यांची अडचण मला समजते. शेजारच्या गावात त्याच रात्री दुसरं नाटक असतं. मंडळाचा पैसा निघाला नाही तर पोरांना खिशातून भरावा लागतो. म्हणून खात्रीचं हसू लागतं, आणि खात्रीचं म्हणजे मागच्या वर्षीचंच. तालमीला दिवस कमी, नट रोज नव्या गावी. नवा माणूस उभा करायला वेळ लागतो, टोपी आणि सुरमा पाच मिनिटांत होतो. पण ज्या लोकांनी सातबाऱ्याच्या प्रसंगाला श्वास रोखून दाद दिली, त्यांना फक्त हेच कळतं असं मानणं हा त्यांचाही अपमान आहे.

नाटक सुटल्यावर चहाच्या टपरीवर मित्राने खाली बघत विचारलं, "राग तं नाही आला ना भाऊ?"

मी म्हटलं, "राग नाही, कंटाळा आला. लहानपणापासून हाच चाचा बघतोय, अजून त्याला बांगडी विकता येत नाही."

तो हसला, मग थोडा वेळ काही बोलला नाही. म्हणाला, "तुज्या नानानं माज्या आईच्या लगनाच्या बांगड्या भरल्या होत्या. आई अजून सांगते."

"मग तो का नाही नाटकात?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते त्याने एकट्याने द्यावं असंही नव्हतं. मी एवढंच म्हटलं, की पुढच्या हंगामाचं नाटक ठरवायला मंडळ वडसाला जाईल, तेव्हा मलाही सोबत घ्या. पैशाची बोलणी तुम्ही करा, मी फक्त लेखकाला भेटतो. तक्रार करणार नाही. नानांच्या बाजारातल्या चार गोष्टी सांगतो, फुकटात.

"चल ना," तो म्हणाला, "पन गाडीभाडं तुझं."

सौदा मला मान्य आहे.