डब्यांचा कर्नाळा

कोकणातल्या शरदात पानं गळत नाहीत. आमच्या गव्हाणला तो कळतो मातीवरून. नवरात्र उलटता उलटता पाऊस आवरतं घेतो, ऑक्टोबरचं ऊन पाठ भाजायला लागतं, आणि चार महिने नुसता रेंदा असलेली माती मधल्या काही दिवसांत अशी येते, की मुठीत दाबली तर गोळा राहावा आणि बोटं मात्र मोकळी सुटावीत. त्याआधी ती वाहून जात असते, नंतर तिची ढेकळं होतात. पोरांनी किल्ले दिवाळीतच का करावेत याची कारणं कोणी काहीही सांगो, मला या मातीइतकं पटणारं दुसरं कारण सापडलेलं नाही.

डबेही याच दिवसांत रिकामे होतात. दसऱ्याच्या श्रीखंडाचे, कोजागिरीला आणलेल्या दुधाच्या पावडरचे, आणि फराळाला हात लागला की तेलाचा तो मोठा पत्र्याचा डबा. चकलीचा शेवटचा घाणा निघायच्या आत दारात कोणीतरी येऊन उभं राहतं. मी गावची लेक, त्यामुळे आळीतल्या सगळ्या पोरांची आत्या. "आत्ये, यो डबा मना पायजे!" तेल अजून अर्ध्यावर असतं, पण डबा कोणाचा हे ठरून गेलेलं असतं.

पहिलं काम धुण्याचं, आणि ते पोरांनीच करायचं. तेलकट पत्र्यावर खळ धरत नाही, रंग तर नाहीच नाही. मूठभर भाताचा तूस, थोडा सोडा, गरम पाणी आणि घासायला नारळाची शेंडी. श्रीखंडाचा डबा दोनदा धुवावा लागतो, नाहीतर रात्रीत मुंग्या लागतात. पत्र्याची कापलेली कड पक्कडीने आत दुमडून ठोकणं तेवढं माझ्याकडे. ती बसल्याशिवाय डबा मुलांच्या हातात जात नाही.

लहान डब्यांचे कंदील होतात. रिकाम्या डब्यावर खिळा ठोकला तर पत्रा चेपतो, म्हणून आधी आत ओली रेती ठासून भरायची. मग खडूने नक्षी काढायची आणि तिच्यावरून खिळ्याने भोकं पाडत जायचं. पहिल्या ठोक्याला खिळा घसरतो. पोर मान खाली घालून पुन्हा टोक धरतं. एकदा का पत्रा फुटून खिळा रेतीत रुतल्याचा तो बोदा आवाज आला, की चेहराच बदलतो; मग जेवायला हाका मारल्या तरी ऐकू जात नाहीत. ठोका किती जोराचा हवा हे सांगावं लागत नाही, चार-सहा भोकांत हाताला ते कळतं. रेती ओतून टाकल्यावर आतल्या बाजूने प्रत्येक भोकाला धारदार काटे फुटलेले दिसतात, म्हणून आत हात घालायची सक्त मनाई. त्यात बारीक बल्ब सोडला की खिळ्याच्या टोकाएवढं भोक ओसरीच्या भिंतीवर रुपयाएवढा उजेड होऊन पडतं. कामट्यांचा, पतंगी कागदाचा, लांब झिरमिळ्यांचा कंदील मला आजही सगळ्यांत देखणा वाटतो. पण कामट्या तासायला मोठ्यांचा हात लागतो, आणि डब्याचा कंदील सात वर्षांचं पोरही स्वतःचा म्हणून दारात टांगू शकतं.

टाकाऊ वस्तूंकडे अशा नजरेने बघायला मला अरविंद गुप्तांनी शिकवलं, त्यांच्या पुस्तकांमधून. आयआयटी कानपूरमधून शिकलेले हे अभियंते पुण्यात टेल्कोमध्ये होते. ते सोडून मुलांकडे वळले. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्यांनी भूमितीचे आकार उभे केले, आणि पुण्याच्या आयुकामधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं मुलांबरोबर बसून खेळणी केली. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुलाला वस्तू मोडायची मोकळीक हवी, हे मी त्यांच्याकडून उचललं. योगायोगाने त्याच वर्षी मार्चमध्ये राज्यात प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली, गणपतीची थर्माकोलची मखरं गेली आणि पुठ्ठ्याला पुन्हा दिवस आले. मला त्याचा फार आनंद झाला होता. थर्माकोल कापताना मुलं काही शिकताना मला तरी दिसली नाहीत.

मोठा डबा मात्र किल्ल्याचा. आमच्याकडे दरवर्षी कर्नाळाच होतो. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत आपल्या जिल्ह्याचे रायगड आणि खांदेरी आहेत, कर्नाळा नाही. मुलांना त्याचं काही नाही. मुंबई-गोवा रस्त्यावरून जाता-येता जो दिसतो, तो त्यांचा किल्ला. 1665 च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला आणि 1670 मध्ये मराठ्यांनी परत घेतला, मातीचे आडोसे रचत रचत पुढे सरकून. वासुदेव बळवंत फडके इथून जवळच्या शिरढोणचे, आणि त्यांचे आजोबा याच कर्नाळ्याचे किल्लेदार. हे सांगितलं की पोरं लगेच विचारतात, किल्लेदाराचं घर कुठे करायचं?

तेलाचा डबा पालथा घातला की बालेकिल्ला झाला. आइस्क्रीमच्या डब्यांचे बुरूज. आणि कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका म्हणजे टाल्कम पावडरचा उंच डबा, दुसरं काही तिथे शोभतच नाही. पत्र्यावर किंवा प्लॅस्टिकवर नुसती माती थापली तर वाळल्यावर पापुद्रे सुटून पडतात, म्हणून आधी भिजवलेलं गोणपाट सगळ्यावरून पांघरायचं आणि त्याच्या विणीत माती दाबून बसवायची. उतारावर हिरवळ हवी तर अळीव पेरायचे. मोहरी घरंगळून पायथ्याशी जमते. अळीव भिजले की त्यांच्याभोवती बुळबुळीत आवरण धरतं आणि दाणा टाकला तिथेच चिकटून बसतो. वसुबारसेला किल्ला हिरवा दिसायला हवा असेल तर चार-पाच दिवस आधी पेरावे लागतात, आणि पाणी तांब्याने ओतायचं नाही, बोटांनी शिंपडायचं.

माझ्या लहानपणी किल्ल्याच्या पोटात डबा नसायचा. तेलाचा डबा म्हणजे घरातली मोठी चीज. त्यात तांदूळ भरत, त्यात पाणी साठवत, गंजला की कापून त्याचा पत्रा गोठ्याच्या छपराला ठोकत. आजीकडे तो खेळायला मागण्याची आमची छाती नव्हती. किल्ला सगळा दगडमातीचा, आणि माती लागेल तेवढी. टेकडीकडची तांबडी रंगाला, खाजणातली काळपट चिकट लिंपायला. घमेलं भरून आणा, कोण विचारतंय.

आता डबे हवे तितके आहेत. माती मागून आणावी लागते. 1970 साली सिडको आली, ठाणे-पनवेल-उरणची 95 गावं नव्या शहरासाठी घेतली गेली, भाताच्या खाचरांवर भराव पडले. जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, आणि जानेवारी 1984 मध्ये जासई-दास्तानच्या परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. साडेबारा टक्क्यांचे भूखंड त्या लढ्यातून मिळाले. हे मी पोरांना सांगते, माती मळताना सांगते, कारण त्यांना माहीत असायला हवं की ही पाटी भरून माती आणायला आपण इमारतीच्या पायाच्या खड्ड्यावर का जातो आणि तिथल्या रखवालदाराला का विचारतो. पलीकडे विमानतळासाठी उलव्याची अख्खी टेकडी सपाट झाली. मला तिची आठवण येते. मुलांनी ती टेकडी नीट पाहिलेलीच नाही.

त्यांनी पाहिलंय ते ती मांडतात. किल्ल्याच्या पायथ्याशी गाव, विहीर, पेंढ्याची उडवी हे मी सुचवते. ती होते, पण तिच्या शेजारून रस्ता जातो आणि रस्त्यावर ट्रेलरची रांग लागते. साबणाची खोकी म्हणजे कंटेनर, बाटल्यांची झाकणं म्हणजे चाकं. न्हावा-शेव्याचं बंदर 1989 मध्ये सुरू झालं. गव्हाण फाट्यावर रोज ट्रेलर बघणाऱ्या या पोरांना वीस फुटी कुठला आणि चाळीस फुटी कुठला हे लांबून कळतं, आणि टूथपेस्टचं खोकं चाळीसचं म्हणून वापरायचं हेही त्यांचं त्यांनीच ठरवलं. एका दिवाळीत शिवडी-चिर्ल्याचा अटल सेतू आइस्क्रीमच्या काड्यांवर उभा राहिला. ऑक्टोबर 2025 मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं, तर त्या दिवाळीला मावळ्यांच्या चौकीशेजारी धावपट्टी आली. शेजारचे आजोबा म्हणाले, शिवकाळात विमान कुठलं? मी मुलांच्या बाजूने भांडले. बाजारात तयार रंगवलेले किल्ले मिळतात, त्यांत असली गफलत नसते. पण त्यांत गव्हाणही नसतं.

किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतो. मग माती मिरचीच्या वाफ्यात जाते, गोणपाट वाळत पडतं, डबे पुन्हा धुतले जातात. यंदा सुळक्यावरून वाद पेटलाय. मोठ्या भाचीचं म्हणणं, पावडरचा डबा फार सरळ आहे, खरा अंगठा एका बाजूला कललेला असणार. धाकट्याला ते मान्य नाही. मोबाइलवरचे फोटो दाखवून झाले, कोणी ऐकत नाही. रविवारी कर्नाळ्याला निघतोय. पावडरचा डबा पिशवीत घेतलाय, समोर धरून बघायला.