बाराशे तीस

सप्टेंबर संपत आला की अमेरिकेत ज्योतिषांचा सीझन सुरू होतो. पत्रिका नाही, ग्रह नाहीत, तरी भविष्य छातीठोकपणे सांगतात. हे ज्योतिषी बास्केटबॉलचे! एनबीएचे सामने ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होतात आणि त्याआधी प्रत्येक वर्तमानपत्र, प्रत्येक चॅनेल सांगू लागतं की ३० संघांपैकी कोण किती सामने जिंकणार. लास व्हेगासचे पैजवाले तर अर्धा सामनाही देतात. अमका संघ साडेसत्तेचाळीस! अर्धा सामना कोणी जिंकत नाही हे त्यांनाही कळतं, पण पैज बरोबरीत सुटू नये म्हणून तो अर्धा.

हा उद्योग आमच्या घराण्यातही चालतो. न्यू जर्सीची भाची, टोरांटोचा चुलतभाऊ, पुण्याहून ताईचा मुलगा, मी, आणि २०१७ पासून अण्णा, म्हणजे माझे वडील. प्रत्येकाने ३० संघांपुढे ३० आकडे लिहून पाठवायचे. एप्रिलमध्ये प्रत्येक संघाचा आकडा कितीने चुकला ते मोजून बेरीज करायची. ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो जिंकला. बक्षीस म्हणजे बाकीच्यांनी मिळून पाठवलेला चितळ्यांच्या बाकरवडीचा पुडा. असो.

ज्या मावश्या-काकांना बास्केटबॉलमधलं काही कळत नाही (आणि तरी बिचारे हे सगळं वाचतात!) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक संघ साखळीत ८२ सामने खेळतो, ४१ घरी आणि ४१ बाहेर. सामना कधी अनिर्णित राहत नाही, बरोबरी झाली तर जादा वेळ खेळवतात. ८२ पैकी ४१ जिंकले तर आपण काठावर पास. ५० म्हणजे फर्स्ट क्लास. साठीच्या पुढे गेलात तर गावजेवण घालावं. आजवरचा विक्रम गोल्डन स्टेट वॉरियर्सचा, २०१५-१६ मध्ये ७३ विजय आणि फक्त ९ पराभव. त्या वर्षी अंतिम फेरीत ३-१ ने पुढे असूनही क्लीव्हलँडकडून ते हरले, ही गोष्ट वेगळी.

आई गेल्यावर अण्णा आमच्याकडे सॅक्रामेंटोला राहायला आले. त्यांचं सगळं आयुष्य आयुर्विमा महामंडळात गेलं. रोज डोंबिवलीहून गाडी पकडून नरीमन पॉइंटची ‘योगक्षेम’ इमारत, आणि तिथे आकडेमोड. कुठल्या वयाच्या हजार माणसांपैकी वर्षभरात किती जातात याची कोष्टकं, ती मॉर्टॅलिटी टेबलं, हे त्यांचं क्षेत्र. बास्केटबॉल त्यांनी जन्मात पाहिलेला नव्हता. पहिल्या ऑक्टोबरात आमचे तक्ते ईमेलवरून फिरताना पाहून म्हणाले, “बघू, दाखव.” चष्मा लावला, पाच मिनिटं पेन्सिल चालवली आणि टोरांटोच्या चुलतभावाला फोन लावायला सांगितलं.

“अरे, तुझ्या तक्त्यात एकूण विजय किती होतात माहीत आहे?”

“नाही काका.”

“तेराशे चार. तीस संघ, प्रत्येकी ब्याऐंशी सामने, एका सामन्यात संघ दोन. म्हणजे सामने बाराशे तीस, आणि विजयही बाराशे तीसच. तू सगळ्यांना प्रेमाने थोडं थोडं जास्त दिलंस. हे वरचे चौऱ्याहत्तर विजय कोणाच्या घरातून आणणार आहेस?”

तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला. बेरीज १२३० आली नाही तर तक्ता साभार परत.

मला हे फार आवडलं होतं. कारण ऑक्टोबरातली भाकितं वाचून पाहा. प्रत्येक संघाचा तरुण खेळाडू यंदा बहरणार असतो, प्रत्येकाच्या नव्या कोचने शिस्त आणलेली असते, प्रत्येकाचा दुखरा गुडघा बरा झालेला असतो. एकेका संघाबद्दल वाचताना सगळं पटतं. पण एकाला चार विजय जास्त द्यायचे तर ते दुसऱ्या कोणाकडून तरी काढून घ्यावे लागतात, हे एकेकट्याचं भविष्य सांगणारा विसरतो.

अण्णांची स्वतःची पद्धत एका ओळीची होती. गेल्या वर्षीचे विजय घ्या, ते ४१ पासून किती लांब आहेत पाहा आणि त्या अंतराचा एक तृतीयांश भाग ४१ कडे सरकवा. साठवाला चोपन्नला येतो. तीसवाला चौतीसला जातो. खेळाडूंची नावंसुद्धा त्यांना लागत नसत. “वर गेलेल्याच्या यशात थोडं नशीब मिसळलेलं असतं, खाली गेलेल्याच्या अपयशातही असतं. नशीब दरवर्षी त्याच घरी मुक्कामाला येत नाही,” हे त्यांचं स्पष्टीकरण. त्यात इथले नियमही त्यांच्या मदतीला होते. नवे खेळाडू निवडताना हरलेल्या संघांना आधी संधी मिळते आणि पगारांवर मर्यादा असते, त्यामुळे तळाच्यांना वर यायला आणि वरच्यांना घसरायला वाव राहतो. शिवाय सगळ्या संघांची सरासरी ४१ च असल्यामुळे या पद्धतीत बेरीज आपोआप १२३० च्या आसपास राहते. एखाददुसरा इकडेतिकडे झाला की ते तो शेवटी पेन्सिलीने नीट करत.

आम्ही रात्ररात्र सामने पाहणारे, कोण कोणाला पास देतो हे पाठ असणारे. आणि सहा हंगामांत चार वेळा पहिले आले अण्णा! भाची संख्याशास्त्र शिकते. ती म्हणायची, “आजोबा, हे चीटिंग आहे.” ते म्हणायचे, “बाकरवडी मात्र खरी आहे.”

२०१९-२० चा हंगाम त्यांनी मोजणीतून बाद केला. ११ मार्च २०२० ला एका खेळाडूची कोविडची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि सगळी एनबीए त्याच रात्री थांबली. पुढचा हंगाम ७२ सामन्यांचा ठरला, तेव्हा त्यांनी न सांगता ४१ च्या जागी ३६ आणि १२३० च्या जागी १०८० घातले आणि कामाला लागले.

आता सॅक्रामेंटोबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण जीव तिथे अडकलेला. आमच्या गावाचा संघ किंग्ज. २००१-०२ मध्ये ६१ सामने जिंकणारा, लेकर्सकडून सातव्या सामन्यापर्यंत झुंजून हरलेला. २००६ नंतर मात्र सलग १६ हंगाम प्लेऑफमध्ये नाही. लीगच्या इतिहासात इतका लांब उपास दुसऱ्या कोणाला घडलेला नाही. २०१३ मध्ये संघ सिएटलला जायला निघाला होता. तो विकत घेऊन इथेच ठेवणाऱ्या मंडळींचे पुढारी विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा. अण्णांनी आल्या आल्या विचारलं होतं, “हा रणदिवे कुठला रे? आपल्यापैकी का?” २०१९ च्या ऑक्टोबरात किंग्ज आणि इंडियाना पेसर्स वरळीला दोन सराव सामने खेळले, तेव्हा ताईचा मुलगा पुण्याहून खास गेला होता. किंग्ज दोन्ही हरले. परंपरा!

२०२२ च्या सप्टेंबरात अण्णांना दम लागायला लागला. हृदयाची झडप आवळली होती, ती बदलायची होती. डॉक्टरीणबाई फार चांगल्या. त्यांनी चित्र काढून सगळं समजावलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “माझ्या वयाच्या शंभर माणसांत किती?” बाईंनी सांगितलं, दोन ते तीन. अण्णांनी मान डोलावली आणि कागदांवर सही केली.

गाडीत मी गप्प होतो. तेच म्हणाले, “हे बघ, मी पस्तीस वर्षं हेच केलं. हजारात किती ते आम्ही अगदी बरोबर सांगायचो. कोण, ते कधीच सांगता आलं नाही. तो प्रश्न आमच्या खात्याचाच नव्हता.” आणि मग थोड्या वेळाने, “तक्ते कधीपर्यंत द्यायचेत यंदा?”

त्या वर्षीचा तक्ता त्यांनी इस्पितळातून दिला. किंग्ज गेल्या वर्षी ३०, म्हणून यंदा ३४. मी म्हटलं, “अण्णा, दोन-चार तरी वाढवा. साबोनिस आता पूर्ण हंगाम मिळणार, कोच नवा आहे.” ते म्हणाले, “वाटतं ते वेगळं, लिहायचं ते वेगळं. वाटायला मला साठसुद्धा वाटतात.”

पुढचं तुमच्यापैकी काहींना माहीत आहे. झडप उत्तम बसली. आणि किंग्जनी ४८ सामने जिंकले! पश्चिमेत तिसरे, उपास सुटला. त्या वर्षीपासून जिंकल्यावर स्टेडियमच्या छपरावरून आकाशात जांभळा लेझरचा झोत सोडायची पद्धत पडली. आकाश स्वच्छ असलं तर आमच्या मागच्या अंगणातून तो दिसतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, त्यामुळे अण्णांची शतपावली सामना संपायच्या वेळेला येऊ लागली. कानटोपी, शाल, हातात काठी, आणि झोत दिसला की आत येऊन जाहीर करायचे, “लागला रे दिवा!” जणू कुणीतरी देवळातच लावलाय. पस्तिसाव्या विजयाच्या रात्री मी म्हटलं, “अण्णा, तुमचा आकडा ओलांडला. आता रोज तुमचं नुकसान.” म्हणाले, “होऊ दे की!” पुढचा प्रत्येक दिवा त्यांच्या बेरजेत एकेक चूक वाढवत होता आणि ते प्रत्येक रात्री बाहेर जाऊन तो बघून येत होते. पहिल्याच फेरीत सातव्या सामन्यात वॉरियर्सच्या स्टेफ करीने ५० गुण मारून सगळं संपवलं. आमच्या स्पर्धेत अण्णा त्या वर्षी तिसरे आले. इतके खूश मी त्यांना जिंकलेल्या वर्षीही पाहिले नव्हते.

अण्णा गेले ते २०२५ च्या जानेवारीत, झोपेत. ऑक्टोबरात दिलेला त्यांचा तक्ता फ्रिजवर चुंबकाने लावलेला होता, तो तसाच राहिला. एप्रिलमध्ये भाचीने मोजणी केली. किंग्जना त्यांनी ४४ दिले होते, झाले ४०. इंडियानाला ४५, झाले ५०. बोस्टनला ५६, झाले ६१. ओक्लाहोमा सिटीला ५२ दिले होते, त्यांनी ६८ जिंकले आणि पुढे विजेतेपदही. डेट्रॉइट आदल्या वर्षी अवघे १४ जिंकलेलं, सलग २८ सामने हरलेलं. त्याला अण्णांनी २३ दिले आणि ते ४४ वर पोचलं. एकवीसची चूक! तरी अण्णा दुसरे आले.

तेव्हा भाचीने सुचवलं की त्यांचा रकाना चालूच ठेवू. सूत्र तर आहेच, एक्सेलमध्ये एकदा लिहिलं की दर ऑक्टोबरात ३० आकडे आपोआप. सगळ्यांना एकदम पटलं, मलाही. तक्त्यात आता ‘अण्णा’ नावाचा रकाना आहे आणि तो आपला आपण भरतो.

त्या रकान्याकडे बघताना मात्र काहीतरी टोचतं. बरेच दिवस कळत नव्हतं काय ते. आकडे तर त्यांचेच आहेत, त्यांनी काढले असते अगदी तेच. पुढची दहा वर्षं बाकरवडीवर हक्क सांगतील असे. पण अण्णांच्या ३४ मध्ये आणि सूत्राच्या ३४ मध्ये फरक आहे. अण्णांनी ३४ लिहिले तेव्हा त्यांना साठ वाटत होते. आपल्या इच्छेला बेरजेत येऊ द्यायचं नाही आणि बेरजेला इच्छेवर दात ठेवू द्यायचा नाही, हे दोन्ही एकाच माणसाला जमत होतं. शंभरात तीन ऐकून जो माणूस सही करतो आणि लगेच तक्त्याची तारीख विचारतो, त्याचंच हे काम. चूक वाढत असताना थंडीत कानटोपी घालून ती बघायला बाहेर जाणं एक्सेलला कसं सांगायचं?

आम्ही भाकितं करतो ती बरोबर यावीत म्हणून, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. आता वाटतं, आकडा लिहून ठेवला की त्या संघाशी आपलं नातं जुळतं. एरवी डेट्रॉइट जिंकलं काय, हरलं काय, मला काय त्याचं? पण २३ लिहिलेले असले की चोविसाव्या विजयाला कुणीतरी दार वाजवल्यासारखं होतं.

तर मंडळी, तक्ते दरवर्षीप्रमाणे पहिला सामना सुरू व्हायच्या आदल्या रात्रीपर्यंत पाठवा. ‘अण्णा’ रकाना स्पर्धेत राहील, बाकरवडी जिंकला तर ती आपण वाटून खाऊ. नवीन नियम एकच. प्रत्येकाने ३० आकड्यांखाली एका संघाचं नाव लिहायचं, ज्याच्याबाबतीत आपला आकडा चुकावा असं मनापासून वाटतं. त्याला गुण नाहीत.

आणि टोरांटोकरांनी बेरीज करून पाहावी.