हेळव्याच्या चोपडीत नसलेली आई

आमच्या घराण्याची वंशावळ घरात कुणी लिहून ठेवलेली नव्हती. ती हेळव्याकडं असते. दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात शेतकरी कुळांच्या पिढ्या सांगत फिरणारा हा समाज. पूर्वी हेळवी बैलावर बसून यायचे, आता मोटारसायकलवर येतात. आमचं गाव तासगाव तालुक्यातलं. काही वर्षांआड, सुगी आटोपली की आमचा हेळवी येतो, सोप्यात घोंगड्यावर बसतो आणि चोपडी उघडून मूळ पुरुषापासून खाली नावं सांगत येतो. कोण कुठून आला, कुठला भाऊ कुठल्या गावी जाऊन राहिला, कुणाला किती पोरं. मागच्या खेपेनंतर जन्मलेल्यांची नावं तो लिहून घेतो आणि धान्य, कापड, पैसे घेऊन भावकीतल्या पुढच्या घरी जातो.

यंदा मी शेजारी वही घेऊन बसलो. पणजोबा धरून तिघे भाऊ. थोरल्याचा वंश वरच्या आळीला नांदतोय. मधल्याच्या नावाशी येऊन हेळवी म्हणाला, "निसंतान. ही फांदी हितं खुंटली." आणि धाकट्यावर, म्हणजे आमच्या पणजोबांवर आला. उंबऱ्याशी लसूण सोलत बसलेली माझी आत्या तेवढ्यात म्हणाली, "खुंटली कशी? त्याच्या बायकोनंच तर आमच्या दादाला वाढवलं." दादा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा.

आत्यानं ऐंशी कधीच ओलांडली आहे. त्या दुपारी तिनं जे सांगितलं ते घरात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. मानमोडीच्या सालात, पाऊसही पडला नव्हता तेव्हा, घरात एका आठवड्यात तीन मढी निघाली: पणजोबा, पणजी आणि मधले भाऊ. मागं राहिलं सहा महिन्यांचं पोर, म्हणजे माझे आजोबा, आणि मधल्याची विशीतली विधवा. माहेरचे तिला न्यायला आले. ती गेली नाही. कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजून तिनं पोर जगवलं, वाटणीत त्याची जमीन राखली, त्याचं लग्न लावलं. आत्या तिला थोरली आई म्हणायची. तापानं कुणी कण्हायला लागलं की थोरली आई रात्रभर उशाशी बसून राहायची, डोळ्याला डोळा लावायची नाही. कोयनेचा भूकंप झाला त्या थंडीत ती गेली.

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. गाव नमुना 14, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. जातीच्या दाखल्यासाठी कुणबी नोंदी शोधायला 2023 पासून तिथं मोठी गर्दी झाली आणि मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. आमच्या गावचं 1918 चं पान एका मोडी जाणकारानं वाचून दिलं. एप्रिलमध्ये आजोबांच्या जन्माची नोंद. ऑक्टोबरात त्याच घरची तीन नावं, एकाखाली एक, कारणाच्या रकान्यात तिन्हींपुढं 'ताप'. वरखाली गावातली बाकीची घरं, तेच कारण. जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरलेल्या इन्फ्लुएंझाची, म्हणजे मानमोडीची, दुसरी लाट त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खेडोपाडी पोचली होती. देशात एक कोटीहून अधिक माणसं दगावली. आत्याची सांगी नसती तर ते पान माझ्यासाठी नुसती यादी राहिलं असतं, आणि पान नसतं तर तिच्या सांगीला साल-महिना मिळाला नसता.

चोपडी वंश बघते. थोरल्या आईला मुलगा नव्हता, म्हणून चोपडीत तिचं नाव नव्हतं. पण तिनं ते पोर जगवलं नसतं तर आमची फांदीही तिथंच खुंटली असती. आज आम्ही जे आहोत ते तिच्यामुळं, आणि आमच्यापर्यंत येणारी एकही रेघ तिच्यापासून निघत नाही.

म्हणून आम्ही आमची वेगळी वही केली. तीत प्रत्येक सुनेचं नाव तिच्या माहेरच्या गावासकट, प्रत्येक लेकीचं नाव तिच्या सासरसकट, आणि ज्यानं कुणाला वाढवलं त्याची नोंद. आत्याचं बोलणं मोबाइलवर घेतलं. साल विचारलं तर म्हातारी माणसं गडबडतात. "बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर? भूकंपाच्या वेळी तू केवढी होतीस?" असं विचारलं की अचूक सांगतात. पितृपंधरवड्यात म्हाळाला भावकी जमली तेव्हा जेवणं झाल्यावर मी वही मोठ्यानं वाचली. वरच्या आळीच्या काकांनी दोन चुका काढल्या, एका चुलत वहिनीनं थोरल्या आईच्या माहेरचा पत्ता लावून दिला. वहीच्या प्रती काढून पुण्या-मुंबईच्या घरांनाही धाडल्या.

हेळव्याला सगळं सांगितलं तेव्हा त्यानं मधल्याच्या नावापुढं थोरल्या आईचं नाव लिहिलं. "लेकींची बी सांगा, लिवतो," म्हणाला. आम्ही सांगितली. त्याची चोपडी टिकलीच पाहिजे, इतक्या पिढ्या दुसऱ्या कुणी जपलेल्या नाहीत. पण तिच्यात काय उतरायचं ते घरच्यांनी सांगायचं असतं. तुमच्याही घरात अशी एखादी आत्या असेल, तर तिच्याजवळ आत्ताच जाऊन बसा. कोतवाल बुक पुढच्या वर्षीही कचेरीत सापडेल.