आधी काठ बघते

साडी असो, टोपली असो की घर, माझी नजर आधी काठावर जाते. मधलं सगळं नंतर. ही खोड कुठल्या डिझाइन कॉलेजात लागलेली नाही. तिथे आमची निम्मी वर्षं 'कॉन्सेप्ट' आणि 'मूड बोर्ड' यांतच गेली. चंद्रपूर-गडचिरोलीत विणकरांसोबत, बुरडांसोबत काम करायला लागले तेव्हा ती लागली आणि आता सुटायची नाही. अंगावर काय घालावं, घरात काय ठेवावं, कुठल्या इमारतीपुढे थांबावं, माझ्या सगळ्या आवडीनिवडी या एका खोडीवर चालतात. कारण साधं आहे. वस्तू सहसा मध्ये बिघडत नाही. ती काठाला उसवते, काठाला फुटते, काठातून पाणी आत घेते. करणाऱ्याचा कस तिथे लागतो आणि त्याचा आळसही तिथेच उघडा पडतो.

कोशापासून सुरुवात करते, कारण जुनं प्रेम तेच. आरमोरी, नागभीड या पट्ट्यात कोसा, म्हणजे टसर रेशीम, ही जंगलातली गोष्ट आहे. तुतीच्या रेशमाचा किडा छपराखाली, आयत्या पाल्यावर वाढतो. टसरचा किडा ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडावर, उघड्या पावसात वाढतो. झाडावर अळ्या सोडायच्या आणि मग पाखरं, मुंग्या, गांधीलमाश्या यांच्यापासून त्या राखत बसायच्या. आमच्याकडे हे काम प्रामुख्याने ढिवर समाजाने धरून ठेवलं. तलावात जाळं टाकणारी हीच माणसं पावसाळ्यात कोसा राखायला जंगलात जातात. तयार कोष देठाने फांदीला लटकलेला असतो आणि इतका टणक की सोड्याच्या पाण्यात उकळल्याशिवाय धागा सुटत नाही. हा धागा मांडीवर वळायची जुनी रीत होती. आता यंत्रं आली आहेत आणि फार बरं झालं. त्या रीतीचं कौतुक करणाऱ्यांनी धागा वळणारीची मांडी पाहिलेली नसते.

कोशाला स्वतःचा रंग असतो, मधाच्या जवळ जाणारा, जरा धुरकट. तो झाकून कोशाला राणी किंवा मोरपंखी रंग देणाऱ्यांशी माझं जमत नाही. रंगवायची हौस असेल तर तुतीचं रेशीम आहे की! दुसरी गोष्ट त्याच्या स्वभावाची. कोसा अंगावरून ओघळत नाही, तो उभा राहतो. म्हणून झालरीच्या कपड्यांना तो कामाचा नाही. पण जाकीट, उभ्या कॉलरचा कुर्ता, घट्ट मनगटाची बाही यांना त्याच्यासारखं कापड नाही. धुवत गेलं की मऊ पडतं, पण आकार सोडत नाही.

या कोशाला विदर्भाने काठ दिला तो करवतीचा. काठ आणि अंग जिथे भेटतात तिथे करवतीच्या दात्यांची ओळ. बघायला साधी वाटते, पण ती माग थांबवून थांबवून येते. साध्या साडीत एकच धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो. अस्सल करवतीला तीन धोटे लागतात: डाव्या काठाचा एक, अंगाचा एक, उजव्या काठाचा एक. प्रत्येक फेरीला अंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, काठाच्या बाण्याला गुंतून मागे वळतो. गुंतायची जागा एकेका पायरीने पुढे-मागे सरकवली की दाता तयार होतो. एका विणकराचे हात पुरत नाहीत, पलीकडच्या काठाला मदतनीस बसवावा लागतो. दिवसाकाठी किती कापड निघणार ते यावरून ताडा.

नक्कल ओळखायची खूण मी सगळ्यांना सांगत असते. काठ उजेडात धरा. एकाच धोट्याने विणलेल्या साडीत अंगाचा बाणा काठातूनही जातो, त्यामुळे लाल काठात कोशाचा पिवळेपणा झिरपलेला दिसतो, लाल मळकट होतो. तीन धोट्यांच्या साडीत काठ उभ्या-आडव्या दोन्ही धाग्यांनी लालच असतो, सणसणीत. मग दात्यांच्या ओळीवरून नख फिरवा. गुंतलेल्या धाग्यांची एक बारीक उंचवट्याची रेघ नखाला लागते. छापलेल्या दात्यांवर नख सरळ घसरतं.

जपानमध्ये आणि युरोपात जुन्या धोट्याच्या मागावर विणलेल्या 'सेल्व्हेज' डेनिमचं केवढं वेड आहे! लोक जीन्सचा पाय मुद्दाम दुमडून आतली लाल किनार दाखवत फिरतात आणि त्या किनारीसाठी जादा पैसे मोजतात. आमच्याकडे दोन माणसं मागावर बसून दातेरी काठ विणतात आणि दुकानात गिऱ्हाईक विचारतं, "यात जर नाही का?" अलीकडे फॅशनवाले करवती कापून जाकिटं शिवतात. शिवा बापडे. पण काठ काठालाच राहू द्या, बाहीच्या टोकाला, गळ्याला, घेराला. पाठीच्या मधोमध काठाचा पट्टा चिकटवायचा हे मला आजवर समजलेलं नाही.

घरातल्या वस्तूंत माझा जीव बांबूवर. भद्रावतीच्या ग्रामोदय संघाची मातीची भांडीही आवडतात. कृष्णमूर्ती मिरमिरांनी उभ्या केलेल्या त्या संस्थेचं काम ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी ते जरूर पाहावं. पण रोज हात लावावासा वाटतो तो टोपलीला.

टोपलीचा काठ कसा बांधतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. गडचिरोलीकडच्या एका बुरड आजीकडे मी बसते. तिच्यापुढे मानवेलीचा हिरवा बांबू. एक-दोन पावसाळे पाहिलेला हवा, फार कोवळा आकसतो आणि जून झालेला वळवताना तडकतो. कोयत्याने उभा चिरून ती कामट्या काढते, मग सुरीने प्रत्येक कामटीचे पदर वेगळे करते. आतला पांढरा गर बुडाला आणि अंगाला चालतो. बाहेरची गुळगुळीत साल ती बाजूला पाण्यात टाकते, काठासाठी. विणून वर आलेल्या उभ्या कामट्यांची टोकं दुमडून आत खोचायची, मग काठाला आतून एक कडं, बाहेरून एक कडं, आणि दोन्हींच्या मध्ये टोपलीचं तोंड धरायचं. हे तिन्ही त्या ओल्या सालीने गुंडाळून बांधायचं. गुडघ्याखाली टोपली दाबलेली, सालीचं एक टोक दातात, दुसरं हातात. साल ओली असतानाच आवळायची, कारण वाळताना ती आणखी आवळते. खिळा नाही, तार नाही, गोंद नाही. मी एकदा म्हटलं, आजी, बुड विणायला जास्त वेळ लागतो ना? तिने मान वर न करता सांगितलं, "बुड कोनी बी इनते, बाई. काठ बांधाले शिकाले साल जाते."

शहरातल्या प्रदर्शनांमध्ये हाच बांबू 'होम डेकोर' होऊन येतो. दिव्यांच्या शेड, ट्रे, आरशाच्या चौकटी. आकार कधीकधी खरंच देखणे असतात. मी उचलते आणि काठ बघते, तर तिथे हॉट ग्लू. चंद्रपूरच्या मे महिन्यात, 46-47 अंशांत, गाडीच्या डिकीत ठेवलेल्या त्या ट्रेचा काठ घरी पोचेपर्यंत सुटलेला असतो. एका व्यापाऱ्याला मी हे दाखवलं तर तो म्हणाला, मॅडम, बांधणीचा रेट परवडत नाही. बरोबरच आहे, त्याचं गिऱ्हाईक मधल्या नक्षीचे पैसे देतं. काठाचे पैसे वेगळे द्यायचे असतात हे गिऱ्हाइकाला कोणी सांगितलेलंच नाही.

आणि काठ बांधायला हिरवा बांबू लागतो, इथे जंगलाचं राजकारण आत शिरतं. किती दशकं इथला बांबू ट्रकांनी बल्लारपूरच्या कागद कारखान्यात लगदा व्हायला जात होता आणि बुरडाला डेपोतून मिळेल तो, बरेचदा वाळलेला, घ्यावा लागत होता. वाळल्या बांबूची साल आवळली की तुटते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याकडे हक्कांची लढाई म्हणून पाहिलं. ती होतीच. मला त्यात एक कारागिरीची गोष्टही दिसली. बांबू कुठला, केवढा, कधी तोडायचा हे गाव ठरवणार असेल, तर टोपलीच्या काठाला लायक बांबू गावात राहू शकतो. पण त्यासाठी हातही शिकलेले हवेत. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र झालं, त्याची बांबूचीच भव्य इमारत फेब्रुवारी 2021 मध्ये आगीत गेली. फार हळहळ वाटली. पण इमारतीपेक्षा मला तिथून शिकून जाणाऱ्या मुलींच्या हातातला काठ महत्त्वाचा वाटतो.

आता घरं. झाडीपट्टीतलं जुनं घर म्हणजे लाकडी खांब, कुडाच्या भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं. कूड म्हणजे बांबूच्या किंवा काट्याकुट्यांच्या विणीवर दोन्हीकडून मातीचा थर. मातीच्या भिंतीचा शत्रू पाऊस, आणि पाऊस आमच्याकडे झोडपून काढतो. म्हणून छप्पर भिंतीच्या बरंच बाहेर येतं, वळचण इतकी खाली की आत जाताना वाकावं लागतं. पाहुण्याला वाटतं गरिबीमुळे घर ठेंगणं. तसं नाही, भिंत कोरडी राहावी आणि उन्हाळ्यात ती तापू नये म्हणून ही उंची आहे. भिंतीच्या पायथ्याशी मात्र शिंतोडे उडतातच. तिथे बायका वेगळ्या मातीचा पट्टा पोतारतात आणि पावसाळा सरला की तेवढाच पट्टा पुन्हा करतात. दुरुस्ती लागणार ती जागा आधीच वेगळ्या रंगाने आखून ठेवायची, इतकी शहाणी सजावट मी कुठल्या पुस्तकात पाहिली नाही.

या घरांच्या जागी येणारी स्लॅबची घरं पक्की आहेत, गळत नाहीत, साप-विंचवाची भीती कमी. त्यात राहणाऱ्याला मी कवेलूंचं सौंदर्य शिकवायला जाणार नाही. पण स्लॅब भिंतीच्या बरोबरीने कापलेली असते, दोन फुटांचा छज्जा काढलेला नसतो. दोन पावसाळ्यांत भिंतीवर काळे ओघळ, आणि मे महिन्यात आत भट्टी. दोन फुटांचा काठ वाचवून किती पैसे वाचले असतील?

ताडोब्याच्या वेशीवरच्या एका रिसॉर्टवाल्याने मला 'ट्रायबल लुक' करून द्या म्हणून बोलावलं होतं. भिंतींवर वारली चित्रं त्याने आधीच काढून घेतली होती. वारली पालघरची, महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाची! मी म्हटलं चित्रं राहू द्या, वळचण खाली आणा. तेवढं काही त्याने ऐकलं नाही, वरून दिसणारा 'व्ह्यू' जाईल म्हणाला.

दगडातला काठ बघायचा तर चंद्रपूरचा परकोट आहे. खांडक्या बल्लाळशहाने पंधराव्या शतकात नगर वसवलं आणि पुढच्या गोंड राजांच्या काळात ही भिंत पुरी झाली. जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा आणि पठाणपुरा हे चार दरवाजे, शिवाय लहान खिडक्या. दरवाज्यांवर हत्तीला दाबून उभा असलेला सिंह, गोंड राजांचं चिन्ह. लोक त्याचा फोटो काढतात. मी भिंतीचा माथा बघते. वरच्या दगडांचे सांधे उघडले की तिथे माती साचते, पाखरांच्या विष्ठेतून पिंपळ रुजतो आणि त्याचं मूळ फूटभर जाडीचे दगड बाजूला सारतं. हा परकोट शत्रूने जेवढा फोडला त्याहून जास्त माथ्यावरच्या झाडांनी फोडला असेल. 2017 पासून इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी बुरुजांवरची झाडं-झुडपं काढायचं काम महिनोन्‌महिने केलं, ते मला म्हणूनच डिझाइनचं काम वाटतं. अंचलेश्वर मंदिराजवळ राणी हिराईने नवऱ्याची, बीरशहाची, समाधी बांधली आहे. तिथे थांबलात तर घुमटाच्या आधी छज्ज्याची सावली भिंतीवर कुठवर येते ते बघा.

माझ्या भिंतीवर एकाच परदेशी इमारतीचा फोटो आहे, व्हेनिसकडच्या वास्तुकार कार्लो स्कार्पाने 1970च्या दशकात पूर्ण केलेल्या ब्रियोन दफनभूमीचा. काँक्रीटची कड त्याने जागोजागी सरळ न सोडता पायरी-पायरीने कापत नेली आहे. आरमोरीच्या एका विणकर काकांना तो मी मोबाइलवर दाखवला. त्यांनी बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "करवतच हाय. फक्त आमच्याहून दाते मोठे."

तर एक विनंती. आरमोरीकडे कधी गेलात, किंवा नागपूरच्या दुकानातही करवती साडी समोर आली, तर पदराची नक्षी बघायच्या आधी साडी उलटी करा, काठ उजेडात धरा, दात्यांवरून नख फिरवा. टोपली घेतलीत तर काठाला दोन्ही हातांनी धरून जरा पिळून बघा. भाव त्यानंतर विचारा, आणि काठ अस्सल निघाला तर घासाघीस करू नका.